परवाचा मासा

टोकियोतल्या त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला, पण जुन्या बाजाराभोवतीच्या गल्ल्या राहिल्या. त्यातल्या एका गल्लीत सुशीचं एक छोटं दुकान आहे. आठ खुर्च्या, समोर लाकडी फळी, दारावर निळा पडदा. संगीत नाही, सजावट नाही. पहिला घास मिळाला तो ताई नावाच्या पांढऱ्या माशाचा. (हो, नाव हेच. खाताना जरा संकोचच वाटतो.) चव अशी की मी ताइशोंना, म्हणजे दुकानाच्या मालक-आचाऱ्यांना, कौतुकानं विचारलं, "आज सकाळचा का?"

"नाही, परवाचा."

मी अलिबागचा. आमच्याकडे आईनं कल्ला उचलून लाल आहे का ते बघितल्याशिवाय मासा पिशवीत पडत नाही. परवाचा मासा मांजरालाच. आणि इथे पैसे मोजून तो मी मिटक्या मारत खाल्ला होता!

मग परवाचा मासा चविष्ट कसा? जिवंत माशाच्या स्नायूंना ऊर्जा पुरवतं ते एटीपी नावाचं रसायन. मासा मेला की प्राणवायू बंद, नवं एटीपी जवळजवळ बंद. स्नायूतले मायोसिन या प्रथिनाचे आकडे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या दोऱ्यांत अडकतात आणि ते सोडवायला एटीपीच लागतं. ते संपलं की आकडे अडकलेलेच राहतात, मासा ताठ होतो.

या काळात एटीपी मोडत असतं. एक फॉस्फेट गळालं की एडीपी, आणखी एक गळालं की एएमपी. मग एक विकर (एन्झाइम) एएमपीतला अमिनो गट काढून टाकतं आणि उरतं आयएमपी, म्हणजे इनोसिनिक आम्ल. चव याची. पुढे त्याचं इनोसिन आणि शेवटी कडवट हायपोझँथिन होतं, पण सावकाश. धरणात पाणी धो धो यावं आणि मोरीतून थेंबथेंब जावं, तसं मधल्या मधे आयएमपी साठतं. कॉड माशाची मोरी मोठी असते, ताईची लहान. म्हणून ताई दोन दिवस थांबू शकतो.

मासा तडफडला तर एटीपी आधीच जळून जातं. ते टाळायला माशाच्या मेंदूत टोचा मारून मग मज्जारज्जूतून तार फिरवतात. या पद्धतीला इकेजिमे म्हणतात.

पण नुसत्या आयएमपीनं जीभ फारशी खूश होत नाही. उमामी म्हणजे गोड, खारट, आंबट, कडू यांपलीकडची पाचवी चव; जिभेवर ती टिपणारा ग्राही शिंपल्यासारखा असतो. सोया सॉसमधलं ग्लुटामेट (एका अमिनो आम्लाचं रूप) आत बिजागरीपाशी बसलं की शिंपला मिटतो आणि मेंदूला निरोप जातो. आयएमपी त्याच शिंपल्याच्या ओठापाशी बसून तो मिटलेलाच धरून ठेवतं. निरोप कितीतरी पटींनी मोठा होतो. ताइशो घासावर ब्रशनं सोया सॉसचा एकच हात फिरवतात, तो एवढ्यासाठी.

ग्लुटामेटची चव कोंबू या समुद्री शेवाळातून ओळखली जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी, १९०८ मध्ये. सुकवलेल्या कात्सुओ माशात आयएमपी सापडलं १९१३ मध्ये, कोदामा शिन्तारो यांना. इकेदांचंच ग्लुटामेट १९०९ पासून अजिनोमोटो म्हणून विकलं जाऊ लागलं. चायनीजच्या गाडीवर "अजिनोमोटो नको हां" असं बजावणारी मंडळी टोमॅटो सूप मात्र दोन वाट्या पितात. ग्लुटामेट तिथंही तेच असतं, पण पुडीवर नाव छापलं की माणसं घाबरतात.

मासा असा ठेवून खायचा प्रयोग घरी बांगड्यावर करू नका. ताइशोंचा मासा साफ करून, पुसून, शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला असतो. बांगड्यात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर. तो उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते कितीही तळलं तरी जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. आईचा कल्ला तपासून ताजाच मासा घ्यायचा हट्ट तिथं बरोबर.

शेवटी माकूळ (स्क्विड) आलं. आता मी शहाणा झालो होतो. "हेही परवाचं ना?"

ताइशो हसले. आज सकाळचं होतं. एएमपीचं आयएमपी करणारं ते विकर माकुळात जवळजवळ नसतंच. त्याचा गोडवा ग्लायसीनसारख्या अमिनो आम्लांचा, तो पहिल्या दिवशीच हजर असतो. वाट बघायची कशाला?