कात्री लावली की व्हिडिओची क्वालिटी जाते?

‘व्हिडिओ एकदा कापला की चित्र खराब होतंच’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. अनुभवातून आलेलं आहे, म्हणून पटतंही. पण दोष कापण्याचा नाही, पुन्हा एन्कोड करण्याचा, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून लहान करत साठवण्याचा आहे.

मोबाइलच्या एमपी४ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र येतं, कीफ्रेम. मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेले असतात. बरीच अ‍ॅप्स सेव्ह करताना सगळं उलगडून पुन्हा दाबतात. तपशील गळतो तो तिथे. बिटरेट (दर सेकंदाला वापरलेला डेटा) वाढवून गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

लॉसलेसकटसारखं मोफत सॉफ्टवेअर कीफ्रेमपासून डेटा जसाच्या तसा उचलतं. लग्नाच्या शूटिंगमधली नुसती मंगलाष्टकं काढायला एवढं पुरतं. सुरुवात सेकंद-दोन सेकंद मागेपुढे होईल, इतकंच. रंग सुधारायचे किंवा चित्रावर नावं टाकायची, तर मात्र एन्कोडिंग टळत नाही.

पडताळा सोपा आहे. तासाभराची फाइल ६ जीबी असेल, तर दहा मिनिटांचा तुकडा साधारण १ जीबीचा आणि काही सेकंदांत तयार व्हायला हवा. प्रोग्रेस बार रेंगाळला, तर बहुधा एन्कोडिंग चाललंय. मूळ फाइल तोवर डिलीट करू नका.