ओढण्यापेक्षा आवरणं अवघड

घोड्याच्या ट्रेलरसाठी गाडी बघायला निघालेला माणूस आधी हॉर्सपॉवर विचारतो. महाबळेश्वर-पाचगणीचे घोडे पावसाळ्याआधी खाली आणायचे असोत, नाहीतर एखादी मारवाडी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेला न्यायची असो, विचारायचं खरं वेगळंच असतं. मागचं वजन या गाडीला उतारावर आवरेल का?

आधी वजन. मारवाडी किंवा काठेवाडी घोडा साधारण ३५० ते ४५० किलोचा. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर ९०० ते १,१०० किलो. चारा, पाणी, खोगीर धरलं की भरलेला ट्रेलर दोन टनांच्या आसपास जातो. बनवणाऱ्याने तोंडी सांगितलेल्या वजनावर विसंबू नका. सातारा-सांगलीत वजनकाट्यांना तोटा नाही. रिकामा ट्रेलर एकदा काट्यावर चढवा आणि पावती जपून ठेवा. लोखंड थोडं जाड वापरलं, फळ्या बदलल्या, की दीडशे किलो कुठे वाढले ते कळतही नाही.

आता वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट धरू. १.८ टनाची पिकअप आणि २ टनांचा ट्रेलर, एकूण ३,८०० किलो. पंधरा मीटरला एक मीटर असा चढ असेल तर नुसतं गुरुत्वाकर्षण अडीचशे किलोच्या जोराने मागे खेचतं. टायरांचा विरोध धरून हा जोर सुमारे ३१० किलो होतो. ताशी ४० किलोमीटरने चढायला चाकांपाशी ४५ हॉर्सपॉवर लागतात. म्हणजे ७५ हॉर्सपॉवरची साधी पिकअपही रडतखडत का होईना, चढेल. इंजिन बघताना कमी फेऱ्यांवरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बघा. टर्बो डिझेलला मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आत ३०० न्यूटन-मीटर किंवा जास्त टॉर्क मिळत असेल तर चढावर उभी राहिलेली गाडी क्लच न जाळता हलते. चढाचा विषय इथे संपला.

उतरताना हिशेब पालटतो. पाचगणी वाईपेक्षा साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून ३,८०० किलो खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी उष्णता झाली तर ६५ लिटरहून जास्त गार पाण्याला उकळी फुटेल. साधारण एक तृतीयांश भाग टायर आणि हवा गिळतात. उरलेली ऊर्जा बारा-तेरा किलोमीटरच्या वळणांत इंजिन आणि ब्रेक यांनाच पचवावी लागते. पिकअपचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरलेल्या वजनापुरते बनवलेले असतात. मागचे दोन टन ब्रेकविना असतील तर ब्रेकचे लायनर तापतात, पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं. शिवाय ट्रेलर मागून ढकलतो, आणि ओल्या वळणावर गाडी नि ट्रेलर अडकित्त्यासारखे मिटतात.

म्हणून ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा. युरोपात ७५० किलोंपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रेलरला तो सक्तीचा आहे. सर्वांत साधा प्रकार धक्क्यावर चालतो: गाडी हळू झाली की ट्रेलरची दांडी पुढे दबते आणि त्या दाबानेच मागचे ब्रेक लागतात. यातली गोम अशी की, खालच्या गिअरात इंजिनाने रोखत उतरलात तरी दांडी दबलेलीच राहते. म्हणजे ट्रेलरचे ब्रेक सगळा घाट थोडे-थोडे घासत येतात. निम्म्या उतारावर मोकळी जागा बघून थांबा आणि आच किती लागते ते बघायला ट्रेलरच्या चाकाजवळ हाताची पाठ न्या. हात टेकवू नका. विजेवर चालणारा ब्रेक आणि ड्रायव्हरपाशी त्याचा वेगळा कंट्रोलर असेल तर काम जास्त ताब्यात राहतं, पण त्याची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्या.

उसाच्या ट्रॉलीचा हूक मात्र इथे नको. पिन आणि कडी यांत बोटभर मोकळीक असते. गिअर पडला की हिसका, ब्रेक लागला की धडक. उसाला त्याचं काही नाही. घोडा उभ्याने प्रवास करतो आणि प्रत्येक हिसका त्याच्या पायांवर जातो. काही तासांत तो घामाघूम होतो. त्याला ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर घट्ट बसणारी कपलिंग लागते, शिवाय तुटलीच तर धरून ठेवणारी साखळी. हूक बंपरला नव्हे, थेट चॅसिसला बसवायचा. म्हणूनच शिडीसारखी वेगळी चॅसिस असलेली पिकअप किंवा एसयूव्ही या कामाला बरी. कारच्या जातीच्या उंच गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळं पेलतो. त्यांच्या मागे हूक जोडून मिळतो, पण एवढ्या ओझ्याची परवानगी गाडीच्या पुस्तकात क्वचितच असते. पुस्तकात ओढायच्या वजनाचा आकडा नसेल तर ‘चालतंय की’ हा त्याला पर्याय नाही. ट्रेलरची नोंदणी आणि विमा स्वतंत्र लागतो, तेही आधी विचारून घ्या.

हुकावर पडणारं वजन हा सगळ्यांत दुर्लक्षित आकडा. भरलेल्या ट्रेलरच्या सात ते दहा टक्के भार हुकावर यावा. दोन टनांना १४० ते २०० किलो, अर्थात हूक आणि गाडी यांना तेवढा चालत असेल तरच. त्याहून बराच कमी झाला, म्हणजे ट्रेलर मागे जड झाला, की शेपूट डोलायला लागतं. आडत्याकडच्या ३०० किलोच्या काट्यावर दांडी टेकवून हा भार पाच मिनिटांत मोजता येतो.

हाच भार गाडीला तरफेसारखा उचलतो. हुकावर १६० किलो, हूक मागच्या अॅक्सलच्या १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर, २.४ मीटर, तर पुढच्या चाकांवरचे ८० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर २४० वाढतात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. व्हीलबेस ३.१ मीटर असेल तर पुढचे फक्त ६२ किलो जातात. आखूड, देखण्या जीपपेक्षा लांब पिकअप इथे सरस ठरते, ती अशी. ओढणारी चाकं मागची असणंही फायद्याचं, कारण वाढलेला भार त्यांच्यावरच येतो. फोर व्हील ड्राइव्हची किंमत कळते ती पावसानंतर, काळ्या रानातून ट्रेलर बाहेर काढताना.

घोडा हा जागचं हलणारं ओझं आहे, आणि त्याचं वजन चार उंच पायांवर असतं. तो बिचकून बाजूला सरकला, किंवा हायवेवर शेजारून एसटी झपकन गेली, की ट्रेलर डोलतो. ठरावीक वेगाच्या खाली हे डोलणं आपोआप विरतं, वर गेलात की प्रत्येक हेलकाव्याला वाढत जातं. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका. ट्रेलरचा स्वतंत्र ब्रेक असेल तर तेवढाच हलका लावा. एकच घोडा न्यायचा तर तो उजव्या कप्प्यात. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असल्यामुळे डावीकडून चालणारा ट्रेलर मुळातच डावीकडे कललेला असतो. दोघांत एक जड असेल तर तोही उजवीकडेच. मान वर करकचून बांधू नका. डोकं खाली नेता आलं नाही तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर छातीचा आजार होऊ शकतो.

वर्षातून दोनदाच घोडा हलवायचा असेल तर हा सगळा खर्च कशाला? बाजूला उंच फळ्या आणि आत गाद्या असलेली भाड्याची पिकअप बांधाला लावून घोडा चढवणं स्वस्त पडतं. ट्रेलरचा मोठा गुण म्हणजे जमिनीलगतचा तळ आणि निवांत उताराची फळी. महिन्यातून तीन-चार फेऱ्या असतील तरच त्याचा पैसा वसूल होतो.

जुना ट्रेलर घेताना टायरची नक्षी बघून भुलू नका. शेडमध्ये उभे राहून टायर न झिजता म्हातारे होतात. बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

सौदा पक्का करायच्या आधी ट्रेलरमध्ये ५० किलोची सोळा पोती भरा, घोडे जिथे उभे राहतील तिथेच, आणि पसरणी चढून-उतरून या. क्लचचा वास, पेडलची खोली, चाकांची उष्णता, तिन्ही बघा. आणि डोलणं जेवढं जाणवेल त्याहून जास्त धरा, कारण पोती तळाला पडून असतात आणि बिचकत नाहीत.