सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

मुंबईचे वादक चरणजीत सिंग (१९४०–२०१५) यांचा इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताचा अल्बम. १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित, एचएमव्हीची तबकडी. २०१० मध्ये पुनःप्रकाशन.

सिंग यांचा पेशा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार, बास आणि सिंथेसायझर वाजवण्याचा. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केले. ‘कुर्बानी’ चित्रपटानंतर (१९८०) मुंबईत डिस्कोची लाट होती. तबल्याला सुटी देऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवावेत, अशी कल्पना सिंग यांना सुचली. हाताशी रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रे होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र आणि टीबी-३०३. दोन दिवसांत मुद्रण आटोपले.

यातले टीबी-३०३ बास गिटारची उणीव भरून काढायला केलेले. इथे ते एका बासवादकाच्याच हाती आले. त्याच्यावर एक सूर तुटू न देता पुढच्या सुरात घसरवता येतो, त्यामुळे मींडेचा, म्हणजे गायकाच्या घसरत्या सुराचा, भास होतो. मात्र यंत्राचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असल्याने श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा, बारकावा त्यात नाही. तोडी रागाच्या अतिकोमल (नेहमीच्या कोमलाहूनही उतरलेल्या) गांधाराची अपेक्षा ठेवणाऱ्याचा विरस होईल. भूप, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच स्वरांचे राग आणि त्यांच्यासोबत ललित, मधुवंती, मेघमल्हार, यमन असा ऐवज आहे. राग ठरलेल्या प्रहरीच वाजवण्याचे बंधन पाळलेले नाही. मैफल जिथे संपते ती भैरवी तर इथे सुरुवातीलाच येते!

तबकडी खपली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीच्या एका दुकानात सापडली, आणि त्यांच्याच ‘बॉम्बे कनेक्शन’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने ती पुन्हा काढली. मग गहजब झाला. शिकागोच्या फ्यूचर या त्रयीचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ चे. त्यापासून ‘ॲसिड हाउस’ हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार मोजतात. तोच टीबी-३०३चा किरकिरता, वळवळता नाद पाच वर्षे आधी मुंबईत? काहींना ही आजच्या कुणा निर्मात्याने रचलेली थापच वाटली.

‘जगातले पहिले ॲसिड हाउस’ ही उपाधी तेव्हापासून या अल्बमला चिकटली आहे, पण ती फसवी आहे. मुंबईचे हे काम शिकागोपर्यंत पोचल्याचा पुरावा नाही. शिकागोकरांनी यंत्राची बटणे पिळून नादाचा पोतच बदलत नेला; सिंग यांचे लक्ष सुरावटीवर, रागाच्या चलनावर (स्वरांच्या ठरावीक चालीवर) होते. डिस्कोच्या ठेक्याला त्यांनी तबल्याची जागा दिली, एवढेच.

पुनःप्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांना युरोपातून बोलावणी आली, आणि हे राग त्यांनी तिथल्या नाचणाऱ्या तरुण श्रोत्यांपुढे वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.