स्पायनोसॉरस: उसन्या अवयवांचा डायनासोर

साधारण १४ मीटर लांबीचा स्पायनोसॉरस आजवर सापडलेल्या मांसाहारी डायनासोरांत सर्वांत लांब मानला जातो. त्याचं चित्र मात्र सतत बदलत आलंय. पूर्ण सांगाडा कधीच मिळाला नाही, आणि हाती नसलेला अवयव दर वेळी दुसऱ्या कुणाकडून तरी उसना घ्यावा लागला.

१९१२ मध्ये जीवाश्म गोळा करणारे रिशार्ड मार्कग्राफ यांना इजिप्तच्या बहारिया मरूद्यानात त्याची हाडं मिळाली. जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये त्यांचं वर्णन केलं: खालचा जबडा, दात आणि पाठीचे मणके. मणक्यांवरचे काटे १.६५ मीटरपर्यंत उंच होते. पायांचा पत्ता नव्हता, म्हणून टी-रेक्ससारखं दोन पायांवर ताठ उभं धड रंगवलं गेलं. २४-२५ एप्रिल १९४४ च्या रात्री म्युनिकवरच्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात हा नमुना जळून गेला. मागे उरली ती रेखाचित्रं आणि थोडी छायाचित्रं.

मुस्कटाचा अंदाज आला तो बॅरिऑनिक्स या भाऊबंदामुळे. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या सरी परगण्यात तो सापडला. त्याच्या पोटाच्या जागी माशांचे खवले होते. स्पायनोसॉरसचे दातही त्या कामाचेच: शंकूसारखे, जवळजवळ सरळ, कडांना करवतीचे दाते नसलेले. अशा दातांनी मांसाचे लचके कापले जात नाहीत, निसटतं भक्ष्य मात्र पक्कं धरता येतं. नाकपुड्याही टोकाशी नसून बऱ्याच मागे होत्या.

खरी उलथापालथ मोरोक्कोतल्या केम केम खडकांत सापडलेल्या सांगाड्याने केली. २०१४ च्या वर्णनात मागचे पाय भलतेच आखूड निघाले आणि त्यांची हाडं जवळजवळ भरीव. इतर मांसाहारी डायनासोरांत हाडांत मज्जेसाठी मोठी पोकळी असते. हाडं जड असली की डुबी मारणं सोपं जातं. पण या सांगाड्याची काही हाडं व्यापाऱ्यांच्या हातून आली होती, त्यामुळे दोन प्राणी एकत्र जोडल्याची शंका रास्तच होती. मग त्याच खड्ड्यातून शेपटी निघाली, एकही हाड दुबार आलं नाही आणि ती शंका बरीच मावळली. मणक्यांच्या वर-खाली लांब काटे असलेली ही शेपटी उभ्या वल्ह्यासारखी होती. २०२० मध्ये तिची प्रतिकृती पाण्यात हलवून पाहिली, तेव्हा जमिनीवरच्या मांसाहारी डायनासोरांच्या शेपटीच्या आठपटींहून अधिक रेटा मिळाला.

म्हणून तो पाण्याखाली पाठलाग करत होता असं ठरतं का? आम्हाला ही उडी फार लांबची वाटते. २०२२ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ पॉल सेरेनो यांच्या गटाने शरीराचं संगणकीय प्रारूप तयार केलं. खोल पाण्यात ते डळमळलं, आणि पोहण्याचा वेग सेकंदाला १ मीटरही भरला नाही. पाठीवरच्या उंच काट्यांचं शीड बुडी मारताना अडथळाच ठरलं असतं. काठाच्या उथळ पाण्यात उभं राहून, बगळ्यासारखं टपून झडप घालणं त्याच्या शरीराला जास्त जुळतं. आणि निव्वळ मासेखाऊही त्याला म्हणू नये: बॅरिऑनिक्सच्या पोटात खवल्यांबरोबर इग्वानोडॉन जातीच्या शाकाहारी डायनासोरच्या पिल्लाची हाडंही होती.