रागावण्याची भाषा

माणसाच्या बोटांच्या टोकांना दोन छोटे इलेक्ट्रोड लावून त्याला काही शब्द ऐकवले, तर ते शब्द त्याला किती भिडले याचा अंदाज त्याच्या त्वचेवरून घेता येतो. भावना हलली की घामाच्या ग्रंथी किंचित जाग्या होतात आणि त्वचेची विद्युतवाहकता वाढते. हे काही सेकंदांत, आपल्याला न विचारता घडत असल्यामुळे ‘मला काहीच वाटले नाही’ असे कोणी कितीही ठामपणे सांगितले, तरी यंत्र त्याच्या शब्दावर विसंबून राहत नाही.

कॅथरीन हॅरिस, आयशे आयचिचेयी आणि जीन बर्को ग्लीसन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३२ तुर्की भाषकांवर ही पद्धत वापरली होती. ही सर्व मंडळी इंग्रजी शिकली ती वयाची बारा वर्षे उलटल्यावर. त्यांना दोन्ही भाषांत साधे शब्द, शिव्या आणि लहान मुलांना दटावताना वापरली जाणारी वाक्ये वाचायला व ऐकायला दिली गेली. इंग्रजीतील शिव्यांनीही त्वचेवर नोंद उमटली. पण ‘लाज वाटत नाही का?’ या धर्तीचे दटावणे तुर्कीत ऐकताना प्रतिसाद जितका तीव्र होता, तितका इंग्रजीत अजिबात नव्हता. ती वाक्ये ऐकताना घरच्या माणसांचाच आवाज मनात उमटल्याचे काहींनी नंतर सांगितले, आणि मला या प्रयोगातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते, कारण शब्दासोबत तो उच्चारणारे माणूसही स्मृतीत साठवले गेलेले असते.

यावरून पहिली भाषा जन्मतःच भावनेची आणि नंतरची केवळ व्यवहाराची, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु हॅरिस यांनीच पुढच्या वर्षी स्पॅनिश–इंग्रजी द्विभाषकांवर केलेल्या अभ्यासाने त्याला आवर घातला. ज्यांना इंग्रजी लहानपणापासूनच मिळाली होती, त्यांच्या त्वचेने दोन्ही भाषांना जवळपास सारखाच प्रतिसाद दिला. म्हणजे महत्त्व भाषेच्या क्रमांकापेक्षा ती कोणत्या वयात आणि कोणत्या नात्यांच्या सहवासात अंगी मुरली, याला अधिक आहे.

आठवणींचेही काहीसे असेच आहे. व्हिओरिका मारियन आणि उलरिक नायसर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी रशियनभाषक स्थलांतरितांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा रशियनमधून विचारले की रशियन बोलण्याच्या काळातील प्रसंग आणि इंग्रजीतून विचारले की नंतरच्या आयुष्यातील प्रसंग अधिक आठवले. माणूस तोच असूनही प्रश्नाची भाषा बदलली की त्याच्या आठवणींचा वेगळा कप्पा आधी उघडला.

प्रेमाची कबुली मात्र थोडी निराळी निघते. ज्याँ-मार्क देवेले यांनी हजाराहून अधिक बहुभाषकांना प्रश्नावली दिली, तेव्हा ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य पहिल्या भाषेतच सर्वांत वजनदार वाटते, असे अनेकांनी सांगितले खरे. पण ज्यांचा रोजचा वावर दुसऱ्या भाषेत होता आणि ज्यांची जवळची माणसे तीच भाषा बोलत होती, त्यांच्यासाठी ते वजन हळूहळू तिकडे सरकलेले दिसले. दटावणे लहानपणी ऐकलेले असते, तर प्रेमाची नाती मोठेपणीही नव्याने जुळत राहतात, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. मानसशास्त्रातील प्रमुख नियतकालिकांत प्रयोगाला बसलेल्यांपैकी ९६ टक्के माणसे जगाच्या अवघ्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतील असतात, हे जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लक्षात आणून दिले होते. ज्या समाजांत एकाच घरात तीन-तीन भाषा नांदतात आणि मूल आजीशी एक व वडिलांशी दुसरी भाषा बोलते, तिथे ‘पहिली भाषा’ कोणती हे ठरवणेच अवघड होते. अशा मुलाच्या बोटांना इलेक्ट्रोड लावायचे झाल्यास दटावण्याची वाक्ये कोणत्या भाषेत ऐकवायची, हे ठरवण्याआधी त्याला घरात कोण रागावते, हे संशोधकाला विचारावे लागेल.