कडधान्यांची धुरी: निघताना की पोहोचल्यावर?

परदेशी किडी अडवण्याची आपली व्यवस्था 1914 च्या कायद्यावर उभी आहे; त्याआधीच, 1906 मध्ये, अमेरिकी कापसातून बोंडातले सोंडे येऊ नयेत म्हणून गाठींना धुरी (बंदिस्त जागेत विषारी वायू सोडून कीड मारणे) देण्याचा आदेश निघाला होता. सध्या चालतो तो 2003 चा आदेश, 1 जानेवारी 2004 पासून लागू झालेला. कोणत्या देशातून कोणता माल, कोणत्या किडींपासून मुक्त असल्याच्या प्रमाणपत्रासह आणि कोणत्या प्रक्रियेनंतर येऊ शकतो, हे त्याच्या परिशिष्टांत नमूद असते.

सर्वाधिक ओढाताण झाली ती कडधान्यांच्या एका अटीवरून. मालाला मिथिल ब्रोमाइड या वायूची धुरी द्यायची, घनमीटरला 32 ग्रॅम, 24 तास, किमान 21 अंश तापमानात, आणि तीही जहाज निघण्यापूर्वी. आपल्या रगड्यातला वाटाणा बराचसा ज्या कॅनडातून येत असे, तिथल्या निर्यातदारांची हरकत अशी होती की एवढी ऊब तिकडे वर्षातला बराच काळ मिळतच नाही, शिवाय ओझोनचा थर विरवणारा हा वायू मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रगत देशांनी 2005 पर्यंत सोडायचा ठरला आहे. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. दुसरा अर्धवट आहे, कारण त्याच करारात किडी रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या धुरीला सूट दिलेली आहे.

तरीही माल इथल्या बंदरात उतरल्यावर धुरी देण्याची सवलत मिळाली. ती तात्पुरती होती, पण डाळींची टंचाई आणि चढे भाव पाहून तिची मुदत 2017 पर्यंत पुन्हा पुन्हा वाढत गेली. मूळ अट शास्त्रीयदृष्ट्या चुकीची असेल तर ती बदलायला हवी होती आणि बरोबर असेल तर पाळून घ्यायला हवी होती. दोन्ही टाळून मुदतवाढ देत राहणे हा कमकुवत मार्ग होता. धुरीविना आलेल्या मालाला पाचपट तपासणी शुल्क लावण्याची तरतूदही होती, पण शुल्क भरल्याने कीड मरत नाही. वाटाण्यातल्या भुंगेऱ्याची अळी दाण्याच्या आतच वाढते आणि कोषात जाण्यापूर्वी सालीखाली एक गोल, अर्धपारदर्शक खिडकी कोरून ठेवते. तोवर दाणा बाहेरून धडधाकट दिसतो, त्यामुळे ओंजळभर नमुना हाती घेणाऱ्या तपासनिसाच्या नजरेतून तो सहज सुटतो.