ओसीडी आणि शाळेतली सवलत : चाळीस टक्क्यांची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पालकांचा एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मनोविकारतज्ज्ञाने केसपेपरवर ओसीडी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी त्याच त्या कृती करत राहणं, हा मनाचा आजार) लिहिलं, गोळ्या सुरू झाल्या, मग शाळा ते मान्य करून परीक्षेत सवलत का देत नाही? मुख्याध्यापकांचं उत्तर ठरलेलं असतं : किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणा. यात मुख्याध्यापकांचा आडमुठेपणा दर वेळी असतोच असं नाही. निदान आणि दिव्यांगत्व या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामांसाठी कागदावर आल्या आणि शाळेचा विचार दोन्हींत उशिरा झाला.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि सातवा होता मानसिक आजार. म्हणजे कायद्याने दार तेव्हाच उघडलं होतं, पण आजार किती टक्के धरायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. अंधत्व, बहिरेपण, पोलिओ यांची मोजमापं ठरलेली होती. मनाच्या आजाराचं मोजमापच नसल्याने प्रमाणपत्र जवळजवळ मिळतच नसे. ही कोंडी २००२ मध्ये फुटली. केंद्र सरकारने राजपत्रात मोजणीची पद्धत प्रसिद्ध केली. मनोविकारतज्ज्ञांच्या देशपातळीवरील संघटनेने ती तयार केली होती आणि ‘आयडियाज’ या नावाने ती आजही ओळखली जाते. या पद्धतीत ज्या मोजक्या आजारांना प्रमाणपत्रासाठी पात्र धरलं, त्यांत स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि स्मृतिभ्रंश यांच्या जोडीला ओसीडीचं नाव होतं. ‘ओसीडी कुठे दिव्यांगत्वात येतो?’ असं आजही विचारणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. वीस वर्षं उलटून गेली आहेत.

आता ही मोजणी नीट बघायला हवी, कारण सगळा पेच तिच्यात आहे. चार बाबी तपासतात : स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम. काम या बाबीत नोकरी, घरकाम आणि शिक्षण तिन्ही येतात. प्रत्येक बाबीला शून्य ते चार गुण. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे : गेल्या दोन वर्षांत सहा महिन्यांपर्यंत त्रास असेल तर एक, सात ते बारा महिने असेल तर दोन, तेरा ते अठरा असेल तर तीन, त्याहून जास्त असेल तर चार. एकूण वीस. सहापर्यंत गुण आले तर चाळीस टक्क्यांच्या खाली, सात ते तेरा आले तर चाळीस ते सत्तर टक्के.

समजा नववीतला एक मुलगा आहे. आंघोळीला दोन तास लागतात म्हणून निगेला दोन. मित्रांकडे जाणं सुटलं म्हणून संबंधांना एक. बोलणं-समजणं उत्तम, तिथे शून्य. वहीत एकेक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, कागद फाटेपर्यंत खोडायची, त्यामुळे अभ्यास अर्ध्यावर राहतो म्हणून शिक्षणाला दोन. बेरीज पाच. आजार कागदावर पाच महिन्यांचा असेल तर एक मिळून सहा, आणि मुलगा चाळीसच्या खाली. तोच मुलगा, तेवढाच त्रास, पण दोन वर्षांचे केसपेपर असतील तर चार मिळून नऊ, आणि मुलगा चाळीसच्या वर. इथे त्रास किती आहे यापेक्षा किती दिवस कागदावर आहे, हे निर्णायक ठरतं. जुनाट आजाराला मदत मिळावी, चार दिवसांच्या अस्वस्थतेला नको, हा यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पेन्शन किंवा नोकरीतल्या आरक्षणासाठी तो रास्तही आहे. पण मुलाची दहावी दोन वर्षं थांबत नाही. माझ्या मते शाळकरी मुलांना हीच फूटपट्टी लावणं हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला निर्णय आहे.

खान्देशात तर कागदाची ही अट जास्तच बोचते. पहिले कित्येक महिने ‘बाहेरनं शे’ (बाहेरची बाधा आहे) म्हणून भगताकडे, देवाला, अंगारे-धुपाऱ्यात जातात. त्याची नोंद कुठल्या केसपेपरवर असणार? त्यातही धुण्याचा आजार लवकर उघडा पडतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात एकटं पोरगं ड्रम रिकामा करू लागलं की घरात भांडण होतं आणि त्या भांडणातून का होईना, कुणीतरी डॉक्टरचं नाव काढतं. मनातल्या मनात आकडे मोजणारी, वाईट विचार आला म्हणून तोच जप शंभरदा करणारी, देवाची माफी मागत बसणारी मुलं कुणाच्या नजरेत येत नाहीत. शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाच्या यादीत अध्ययन अडचणी आणि लक्ष न लागणं आहे, ओसीडी नाही. हे दुखणं बऱ्याचदा सुरू होतं ते याच शाळकरी वयात, हे लक्षात घेतलं तर ही उणीव छोटी नाही.

अंतराचा भाग वेगळाच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय बरीच वर्षं फक्त धुळ्यात होतं. जळगावला ते २०१८ मध्ये आलं, नंदुरबारला त्यानंतर. त्याआधी सिव्हिलला मनोविकारतज्ज्ञ असेल तर काम व्हायचं, नाहीतर नाशिक गाठायचं. अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बापाला प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा ठरलेला वार गाठायचा म्हणजे मजुरी बुडवून आदल्या दिवशी निघायचं. २०२१ च्या जूनपासून अर्ज ऑनलाइन झाला, युडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्राचं कार्ड आलं. अर्ज भरणं सोपं झालं. तपासणीला मात्र प्रत्यक्ष जावंच लागतं, आणि आजार कमी-जास्त होणारा म्हणून प्रमाणपत्र बहुतेकदा मुदतीचं मिळतं. मुदत संपली की पुन्हा तोच प्रवास.

कार्डावर ‘मानसिक आजार’ छापलेलं असतं. मुलीचं लग्न जमणार नाही या भीतीने किती घरांनी हा अर्ज भरलाच नाही, याची मोजदाद कोणी केलेली नाही. या भीतीला अडाणीपणा म्हणणारे शहाणे मला पटत नाहीत. गावात राहणाऱ्याला गावात काय बोललं जातं ते ऐकूनच दिवस काढायचे असतात.

शाळेच्या बाजूने मोठा बदल झाला तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. तो १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला आणि सातचे एकवीस प्रकार झाले. या कायद्याच्या १६ व्या कलमाने सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांवर प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून देण्याची जबाबदारी टाकली. १७ व्या कलमात वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं आलं. या सोयींना आणि परीक्षेतल्या सवलतींना कायद्यात चाळीस टक्क्यांची अट नाही. ती येते मोफत शिक्षण, उच्च शिक्षणातलं आरक्षण अशा काही ठरावीक लाभांना. व्यवहारात मात्र चाळीसचा आकडा सगळीकडे चिकटला. त्याच १६ व्या कलमात मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकर ओळखा असं स्पष्ट लिहिलं आहे, मानसिक आजार ओळखण्याबद्दल तसं काही नाही. महाराष्ट्राने अध्ययन अक्षमतेच्या मुलांना नव्वदच्या दशकातच परीक्षेत सवलती दिल्या होत्या, त्यामुळे न दिसणारं दिव्यांगत्व म्हटलं की आपल्या शिक्षकांना आधी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अक्षमता, आठवते.

परीक्षेतल्या लेखनिकाचा गुंता तर आणखी वेगळा. स्पर्धा परीक्षांसाठी केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या सूचनांत अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना मागितला की लेखनिक मिळेल असं होतं. बाकीच्यांना लिहिण्यात ‘शारीरिक’ अडचण असल्याचं प्रमाणपत्र आणावं लागायचं. ओसीडीच्या मुलाचा हात धडधाकट असतो. अडतं ते अक्षर बरोबर आलं का, या शंकेवर. डॉक्टरने त्या नमुन्यावर सही कशी करायची? शालेय मंडळाच्या सवलतींचे शासन निर्णय वेगळे आहेत, पण डोक्यात बसलेला साचा तोच.

न्यायालयं या बाबतीत पुढे गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची सक्ती करता येणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओसीडी असलेल्या एका निमलष्करी अधिकाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक दिव्यांगत्वाशी जोडलेल्या वागणुकीवरून शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरतो, असा निकाल दिला. त्या अधिकाऱ्याचं दिव्यांगत्व चाळीस ते सत्तर टक्के नोंदलेलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये परीक्षेतल्या सोयी टक्केवारी न बघता सर्व दिव्यांगांना द्याव्यात, असं न्यायालयाने पुन्हा बजावलं.

उपचार करणाऱ्यांचा एक आक्षेप इथे नोंदवायलाच हवा. वाढीव वेळ दिला की तोही तपासण्यात जातो, लेखनिक दिला की शंका त्याच्या अक्षरावर सरकते, आणि आजाराला दिलेली प्रत्येक सूट आजाराला पोसते. हे खरं आहे. म्हणून सवलत कोणती द्यायची ते उपचार करणाऱ्याने शाळेशी बोलून ठरवावं : कुणाला वेगळी खोली पुरते, कुणाला खाडाखोडीचे गुण न कापणं पुरतं. पण हे बोलणं व्हायचं तर शाळेने आधी आजार मानायला हवा.

आता वेळापत्रकाचं. दहावीचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात आणि सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. पालकांना मात्र जाग येते ती पूर्वपरीक्षेचे पेपर कोरे राहिल्यावर, जानेवारीत. केसपेपर नववीतच सुरू करून ठेवला, प्रत्येक भेटीची तारीख त्यावर पडली आणि त्याची प्रत वर्गशिक्षकांकडे दिली, तर निदान कालावधीच्या गुणांवर मूल अडत नाही.